विडी सोडण्याची हत्यारे



व्याख्यानमालेच्या चालकांचे पत्र मला आले तेव्हा त्यांची अपेक्षा मी कामगार चळवळीवर बोलावे अशी होती. मी उलट कळविले की, या खेपेस मला विडी-सिगारेट सोडण्यावर बोलू द्या. चालकांपैकी एकाने फोनवर विचारले, "हा विषय डॉक्टरांचा, नाहीतर कीर्तनकारांचा. तुमचा कसा?" प्रश्न रास्त होता. परंतु डॉक्टर "सोडा" म्हणतात, कीर्तनकारही "सोडा" म्हणतात. आणि सोडावयाची कशाने, हे सांगणारा माणूस मला तेहतीस वर्षांत भेटला नाही. सोळाव्या वर्षी मी पहिली विडी ओढली आणि एकोणपन्नासाव्या वर्षी शेवटची. त्या तेहतीस वर्षांचा अनुभव हीच या विषयावरची माझी पदवी. दुसरी पदवी माझ्यापाशी नाही. नववीतून शाळा सुटली. पुढचे जे काही शिकलो ते कारखान्यात, युनियनच्या कचेरीत आणि नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा माझ्या बोलण्यात पांडित्य शोधू नका.

या गोष्टीचा शेवट तुमच्याच गावी सुरू झाला. सात वर्षांपूर्वी निवृत्तिनाथांच्या यात्रेला मी आईला घेऊन आलो होतो. आई माळकरी, वय सत्तरीच्या पुढचे. दर्शन झाल्यावर म्हणाली, गंगाद्वारापर्यंत जाऊन येऊ. निम्म्या पायऱ्यांवर माझा भाता संपला. छातीत शिट्ट्या वाजू लागल्या. मी कठड्याला टेकून बसलो आणि म्हातारी सावकाश वर गेली. दर्शन घेऊन खाली आली, माझ्याजवळ बसली, आणि एवढेच म्हणाली, "तुझा बाप असाच बसायचा रे." माझे वडील छातीच्या विकाराने गेले, साठी न गाठता. मी खिशात हात घातला, आणि खरे सांगतो मंडळी, त्या क्षणीही माझा हात विडीच्या बंडलाकडेच गेला. तेव्हा मला समजले की, मला अक्कल नाही असे नव्हे, प्रेम नाही असेही नव्हे. हे काही निराळेच प्रकरण आहे.

ते प्रकरण काय, ते आधी पाहू. तंबाखूच्या पानात निकोटिन नावाचे द्रव्य असते. धुरातून ते फुप्फुसात जाते, तेथून रक्तात, आणि झुरका घेतल्यापासून काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. मेंदूला बरे वाटते. परंतु रक्तातले निकोटिन सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते, आणि मेंदू पुन्हा मागणी करू लागतो. ती पुरी झाली नाही की चिडचिड, अस्वस्थता, झोप न लागणे, कामात लक्ष न राहणे, भलती भूक लागणे हे सगळे सुरू होते. सोडल्यापासूनचे पहिले दोन-तीन दिवस हा जोर सर्वांत अधिक. नंतर तो दोन-चार आठवड्यांत ओसरतो. मी तीनदा विडी सोडली होती आणि तिन्ही वेळा पहिल्याच आठवड्यात पुन्हा धरली होती. एकदा तर वाटाघाटीच्या टेबलावर विनाकारण ओरडलो, समोरच्याने बैठक उधळली, आणि आमच्याच एका जुन्या सभासदाने मला बाहेर नेऊन विडी पेटवून दिली. "आधी ही ओढा, मग बोला" म्हणाला. त्याने उपकारच केले असे मला तेव्हा वाटले.

आता या द्रव्याविषयी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. माणसाला विडीशी बांधून ठेवते ते निकोटिन. पण माणसाला मारते तो प्रामुख्याने धूर. धुरातले डांबर, कर्करोग उत्पन्न करणारी द्रव्ये, रक्तातला प्राणवायू हुसकून लावणारा कार्बन मोनॉक्साइड हे खरे मारेकरी. निकोटिन म्हणजे काही तुळशीचे तीर्थ नव्हे. पण बांधणारा दोर निराळा आणि मारणारा सुरा निराळा, ही फोड झाली तेव्हाच सुटकेचा मार्ग सापडला. सुरा ताबडतोब काढून घ्यावयाचा आणि दोर सावकाश सैल करावयाचा. म्हणजे निकोटिन थोडे थोडे, धुराशिवाय, औषध म्हणून द्यावयाचे आणि दोन-तीन महिन्यांत तेही बंद करावयाचे. काट्याने काटा काढण्याचाच हा प्रकार.

ही औषधे निघाली कशी, हे वाचताना मला जो आनंद झाला तो तुम्हांलाही व्हावा. १९६७ साली स्वीडनमधील लुंड येथले क्लास लुंडग्रेन नावाचे संशोधक पाणबुडीतल्या खलाशांचे निरीक्षण करीत होते. पाणबुडीत धूर करता येत नाही. तेव्हा सिगारेट ओढणारे खलाशी तेथे तंबाखू चघळून वेळ मारून नेत. ही गोष्ट त्यांनी औषध कंपनीत काम करणाऱ्या आपल्या मित्राला, ओव्ह फर्नो यांना, पत्राने कळविली. फर्नो यांनी त्यावरून निकोटिन घातलेली चघळावयाची गोळी तयार केली, आणि १९७८ साली ती स्वित्झर्लंडमध्ये प्रथम औषध म्हणून मान्य झाली.

आता आपल्याकडे पाहा. मुंबईच्या गिरण्यांत कापूस आणि सूत पेट घेईल म्हणून खात्यात विडी ओढण्यास मनाई असे. तेव्हा आमचे गिरणीकामगार काय करीत? तळहातावर तंबाखू-चुना मळून दाढेखाली धरीत. स्वीडनच्या खलाशांनी केले तेच! फरक एवढाच की, तिकडे ते एका शास्त्रज्ञाने पाहिले आणि त्यातून औषध निघाले. इकडे ते सगळ्यांनी पाहिले आणि त्यातून तोंडाचा कर्करोग निघाला.

दुसरे औषध म्हणजे कातडीवर चिकटवावयाची पट्टी. तिचे मूळ तर शेतमजुरांच्या दुखण्यात आहे. तंबाखूची ओली पाने खुडणाऱ्या मजुरांना मळमळ, ओकारी, चक्कर यांचा त्रास होतो, कारण पानांतले निकोटिन कातडीतून अंगात शिरते. आपल्या शेजारच्या गुजरातेतल्या मजुरांतही हा आजार नोंदला गेला आहे. अमेरिकेत मरे जार्विक आणि जेड रोझ या दोघांनी विचार केला की, कातडीतून विष शिरते तर मापून दिलेले औषधही शिरेल. दुसऱ्या माणसांवर प्रयोग करण्यास त्यांना परवानगी मिळेना, तेव्हा त्यांनी ते द्रव्य स्वतःच्याच अंगावर लावून पाहिले. पुढे १९९१-९२ च्या सुमारास अमेरिकेत या पट्ट्या बाजारात आल्या. म्हणजे मंडळी, एक औषध खलाशाच्या तोंडातून निघाले आणि दुसरे शेतमजुराच्या कातडीतून. पण आपल्याकडे ती औषधे मजुराकडेच सर्वांत शेवटी पोहोचतात. माझी तक्रार आहे ती ही, आणि तिच्याकडे मी शेवटी येणार आहे.

आता एकेक हत्यार हातात घेऊन पाहू. फिटरच्या पेटीत दहा पाने असतात. नटाच्या मापाचा पाना घेतला नाही तर नट तर सुटत नाहीच, वर त्याचे कोपरे झिजतात. येथेही तसेच आहे.

पहिले हत्यार चघळावयाची गोळी. दुकानदार तिला निकोटिन गम म्हणतात. ती दोन आणि चार मिलिग्रॅम अशा दोन मापांत येते. दोनची गोळी आपल्याकडे औषधाच्या दुकानात डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून मिळत आली आहे. चारची डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. कोणाला कोणती, याची खूण सोपी आहे. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ज्याला विडी लागते त्याची ओढ मोठी, त्याला चारची. ज्याचे अर्ध्या तासानंतर भागते त्याला दोनची. सुरुवातीच्या सहा आठवड्यांत दर तास-दोन तासांनी एक, पुढे अंतर वाढवीत जावयाचे, आणि साधारण तीन महिन्यांत संपवावयाचे.

पण ही गोळी वापरावयाची कशी, हे मला कोणी सांगितले नव्हते. माझ्या दुसऱ्या प्रयत्नात मी ती आणली आणि पोरे च्युइंगगम चघळतात तशी कराकरा चावली. घसा जळला, उचक्या लागल्या, पोटात ढवळले. डबी फेकून दिली आणि चारचौघांत सांगत सुटलो की, हे सगळे कंपन्यांचे ढोंग आहे. माझ्या सांगण्यावरून आणखी दोघांनी ती घेतली नाही. त्या दोघांचे ऋण माझ्या डोक्यावर आहे. खरी रीत अशी : गोळी सावकाश चार-सहा वेळा चावावी, जिभेला मिरीसारखी चुणचुण जाणवली की चावणे थांबवून ती गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यावी. चुणचुण ओसरली की पुन्हा थोडे चावावे, मग जागा बदलून पुन्हा ठेवावी. असे अर्धा तास. निकोटिन गालाच्या आतल्या कातडीतून रक्तात जाते; लाळेबरोबर गिळले तर ते पोटात जाऊन फुकट जाते आणि ढवळते ते निराळेच. गोळी घेण्यापूर्वी पाव तास आणि ती तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबूसरबत घेऊ नये. आंबट पेयाने निकोटिन नीट शोषले जात नाही. आमच्या माणसाला चहाबरोबर विडी लागते. तो चहाबरोबरच गोळी घेतो आणि म्हणतो, गुण येत नाही. येणार कोठून?

दुसरे हत्यार चोखावयाची गोळी. मापे तीच, वेळापत्रक तेच. ही चावावयाची नाही; गालात ठेवून इकडून तिकडे फिरवीत वीस-तीस मिनिटांत विरघळू द्यावयाची. ज्यांचे दात हलतात, ज्यांना कवळी आहे, ज्यांचा जबडा दुखतो, त्यांना चघळावयाच्या गोळीपेक्षा ही बरी. कारखान्यात किंवा बसमध्ये तोंड हलताना दिसू नये असे ज्याला वाटते त्यालाही ही सोयीची.

तिसरे हत्यार पट्टी. ती सकाळी एकदा लावली की दिवसभर पाहावयास नको. दंडावर किंवा छातीवर स्वच्छ, कोरड्या, केस नसलेल्या जागी लावावी आणि जागा रोज बदलावी, नाहीतर कातडी खाजते व लाल होते. दिवसभर टिकणाऱ्या पट्ट्यांत एकवीस, चौदा आणि सात अशी मापे असतात. रोज दहापेक्षा अधिक ओढणाऱ्याने एकवीसपासून सुरुवात करावी. सहा आठवड्यांनी चौदा, पुढे दोन आठवड्यांनी सात. रात्री भलतीसलती स्वप्ने पडू लागली तर झोपताना काढून ठेवावी. पट्टीचा गुण असा की, ती निकोटिनची पातळी एकसारखी ठेवते. नळाची धार बारीक पण सतत. तिचा दोषही तोच. अचानक तल्लफ उसळली तर पट्टी आपली धार वाढवू शकत नाही.

आणि येथेच खरी युक्ती आहे. तल्लफ दोन प्रकारची असते. एक दिवसभर मंद जळणारी, आणि दुसरी एकदम भडकणारी. भांडण झाले, चहा आला, जेवण उरकले, जुना सोबती भेटला की उठणारी. पट्टी पहिलीवर चालते, गोळी दुसरीवर. म्हणून दोन्ही एकत्र वापरली तर एकापेक्षा अधिक गुण येतो. हे माझे मत नव्हे, शेकडो प्रयोगांचा निष्कर्ष आहे. कॉक्रेन नावाची एक आंतरराष्ट्रीय संस्था जगभरच्या प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडते. २०२३ साली तिने तीनशेंवर प्रयोग एकत्र करून जे काढले ते सोप्या आकड्यांत असे : सोडू पाहणाऱ्या शंभरांपैकी औषधावाचून सहा महिने किंवा त्याहून अधिक टिकणारे सुमारे सहा, एका प्रकारच्या निकोटिन औषधाने सुमारे नऊ, पट्टी आणि गोळी मिळून सुमारे बारा, आणि व्हॅरेनिक्लीन किंवा सायटिसीन या गोळ्यांनी सुमारे चौदा. या शेवटच्या गोळ्यांत निकोटिन नसते. मेंदूत निकोटिन ज्या जागी बसते ती जागाच त्या अडवून ठेवतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून त्या घेऊ नयेत. ब्युप्रोपियॉन म्हणूनही एक गोळी आहे. तीही डॉक्टरांच्याच हाती ठेवावी.

शंभरांत बारा किंवा चौदा हा आकडा ऐकून काहींची निराशा झाली असेल. मी युनियनचा माणूस. माझी निराशा होत नाही. पहिल्या संपात सगळ्या मागण्या पदरात पडल्या असा एकही संप मी पाहिला नाही. सहाचे बारा झाले म्हणजे दुप्पट झाले. आणि जो या वर्षी पडला त्याने पुढच्या वर्षी पुन्हा उठावे. मी चौथ्या खेपेस सुटलो. सरकारी रुग्णालयातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला पट्टी आणि चोखावयाची गोळी दोन्ही दिली, आणि गोळी तोंडात कशी फिरवावयाची हे स्वतः करून दाखविले. पहिले दहा दिवस वाईट गेले. अकराव्या दिवशी मी वाटाघाटीला बसलो आणि ओरडलो नाही.

काही पथ्येही सांगतो. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, किंवा स्त्री गरोदर असेल, तर डॉक्टरांना विचारूनच निकोटिनचे औषध घ्यावे. गोळ्या आणि वापरलेल्या पट्ट्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. लहान मुलाला ते विषच आहे. आणि औषध चालू असताना "एखादीच विडी" हा हिशेब मांडू नये. त्या एखादीलाच मी दोनदा बळी पडलो.

बाजारात आणखीही काही वाटा दाखविल्या जातात. वनौषधींची विडी म्हणून विकतात; तंबाखू नसली तरी जळणाऱ्या पाल्याचा धूर आहेच, आणि त्यात डांबरही आहे, कार्बन मोनॉक्साइडही आहे. विजेवर चालणारी ई-सिगारेट आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने बंद आहे. तेव्हा तो आपला मार्ग नव्हे. आणि विडी सोडली म्हणून तंबाखू-चुना धरणे हे आगीतून फुफाट्यात.

हे शेवटचे मी मुद्दाम सांगतो. कारण आपल्या महाराष्ट्राचे दुखणे मुख्यतः धुराचे नाहीच. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेणारे निघाले. त्यांत ओढणारे ३.८ टक्के, आणि खाणारे, मळणारे, मिश्री लावणारे २४.४ टक्के. गुटख्यावर २०१२ साली राज्यात बंदी आली, तरी पुड्या कोठे मिळतात हे शाळकरी पोरही सांगेल. खाण्याची तंबाखू सोडण्यास ही औषधे किती उपयोगी, याचा पुरावा धूम्रपानाइतका भक्कम नाही; तेथे समुपदेशनाचा, म्हणजे जाणत्या माणसाने पुन्हा पुन्हा चौकशी करीत राहण्याचा, उपयोग चांगला होतो. सुपारी-गुटख्याने ज्यांचे तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही त्यांना तर चघळावयाची गोळी देऊन भागणार नाही. त्यांनी आधी तोंड तपासून घ्यावे. आणि मायबहिणींनो, मिश्री ही दातांची औषधी नसून भाजलेली तंबाखू आहे, एवढे घरी गेल्यावर सासूबाईंना जरूर सांगा. सांगताना भांडू नका.

आता औषधाने न भागणारी एक गोष्ट. कारखान्यात विडी हे नुसते व्यसन नसते, ती सुट्टी असते. मशीनवरून "जरा विडी मारून येतो" म्हणून गेलेल्या माणसाला मुकादम बोलत नाही. "जरा बसून येतो" म्हटले तर बोलतो. मी स्वतः सोळाव्या वर्षी विडी धरली ती तल्लफ म्हणून नव्हे. पाच मिनिटे पाठ टेकायला मिळावी म्हणून. बांधकामावरच्या मजुराला ती भूक मारायला लागते, रात्रपाळीच्या माणसाला झोप मारायला. तेव्हा विडी सोडणाऱ्याला निकोटिनच्या जागी निकोटिन द्या, पण पाच मिनिटांच्या जागी पाच मिनिटेही द्या. आमच्या युनियनने एका कारखान्यात चहाच्या सुट्टीव्यतिरिक्त सर्वांना सारखी छोटी विश्रांती मागून घेतली. ती मिळाल्यानंतर सोडणे सोपे झाले असे सांगणारे सभासद मला भेटले आहेत.

आता मला सर्वांत अडचणीच्या प्रश्नाकडे आले पाहिजे, कारण तो मला तोंडावर विचारला गेला आहे. आपल्याच जिल्ह्यात सिन्नरला विड्यांचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तेथील एका बैठकीत मी विडी सोडल्याचे कोणीतरी कौतुकाने सांगितले. पुढे बसलेली एक म्हातारी बाई, बोटे तंबाखूने पिवळी पडलेली, उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, तुम्ही सोडली ते बरे केले. पण सगळ्यांनी सोडली तर आम्ही काय खायचे?" सभा स्तब्ध झाली. माझ्याजवळ त्या वेळी उत्तर नव्हते. मी नमस्कार करून खाली बसलो.

नंतर मी त्यावर पुष्कळ विचार केला. दिवसभर सूप मांडीवर घेऊन टेंभुर्णीच्या पानांत तंबाखू वळणाऱ्या बाईला मिळते नगावरची मजुरी, आणि वर तंबाखूची धूळ नाकातोंडात. १९६६ चा विडी कामगारांचा कायदा आणि १९७६ चा कल्याण निधी या बायांनी आणि त्यांच्या संघटनांनी लढून मिळविले. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरे उभी राहिली आणि २००६ साली ती त्यांना मिळाली. गोदूताई परुळेकरांचे नाव त्या वसाहतीला आहे. पण २०१७ साली नवी करपद्धती आली, तेव्हा ज्या उपकरातून त्या कल्याण निधीत पैसा येत असे तो उपकरच रद्द झाला. मग विडी वळणारीची काळजी करतो कोण? जो विडी ओढतो तो? माझ्या वडिलांनी आयुष्यभर विडी ओढली. त्यामुळे सिन्नरच्या एकाही बाईची मजुरी एक पैशाने वाढली नाही.

त्या म्हातारीला देण्याजोगे उत्तर मला केरळात सापडले. कन्नूरला १९६९ साली विडी कामगारांनी दिनेश विडी नावाची सहकारी संस्था काढली. विडीचा खप घसरू लागला तेव्हा, १९९० च्या दशकाच्या अखेरीस, तिने खाद्यपदार्थ करावयास घेतले, नंतर छत्र्या आणि कपडेही. सगळ्यांना त्यात काम मिळाले असे मी म्हणत नाही. पण धंदा बुडण्याची वाट न पाहता आधीच दुसरा धंदा उभारता येतो, एवढे त्यांनी दाखवून दिले. म्हणून ओढणाऱ्याला औषध आणि वळणारीला दुसरे काम या दोन मागण्या एकाच कागदावर लिहिल्या पाहिजेत. एक सोडून दुसरी मागणारा अर्धाच प्रामाणिक.

आणि आता माझी तक्रार. निकोटिनच्या गोळ्या आणि पट्ट्या २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत गेल्या. आपल्या राष्ट्रीय यादीतही २०२२ साली त्यांना जागा मिळाली. यादीत नाव आले म्हणजे दवाखान्याच्या कपाटात औषध आले असे नव्हे, हे रांगेत उभे राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मी हिशेब मांडला आहे : दिवसाला आठ गोळ्या घ्याव्या लागल्या तर सिगारेट ओढणाऱ्याला फारसे जड जात नाही, पण विडी ओढणाऱ्याला औषध विडीपेक्षा महाग पडते. मरण स्वस्त आणि सुटका महाग! तेव्हा प्रत्येक सरकारी दवाखान्यात आणि कामगार विमा योजनेच्या दवाखान्यात ही औषधे फुकट मिळाली पाहिजेत, आणि ती कशी घ्यावयाची हे करून दाखविणारा माणूसही तेथे असला पाहिजे. कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रात हे कलम घालावे. आम्ही घातले आहे.

तोपर्यंत जे हाती आहे ते वापरा. १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. तोच विडी-सिगारेटच्या पाकिटावर छापलेला असतो. आपण पाकिटावरचे चित्र पाहून तोंड फिरवितो आणि खालचा आकडा वाचत नाही. मुंबईचे टाटा रुग्णालय त्या कामात आहे. मराठीतून बोलता येते. अनेक जिल्हा रुग्णालयांत तंबाखूमुक्तीचे केंद्र आहे, तेथेही जावे.

"आता या वयात सोडून काय उपयोग?" असे माझ्या वयाचे लोक म्हणतात. त्याचे उत्तर इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी दिले आहे, आणि तेही स्वतःच्या आयुष्यावरून. रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून पन्नास वर्षे हजारो ब्रिटिश डॉक्टरांची नोंद ठेवली. सिगारेट ओढत राहणारे सरासरी दहा वर्षे आधी गेले. ज्यांनी तिशीत सोडली त्यांची ती दहाही वर्षे वाचली. चाळिशीत सोडणाऱ्यांची नऊ, पन्नाशीत सोडणाऱ्यांची सहा, आणि साठीत सोडणाऱ्यांचीही तीन. आपल्याकडे विडी हलकी समजतात. पण २००८ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील मोठ्या पाहणीत विडी ओढणाऱ्या पुरुषाची सुमारे सहा वर्षे आणि स्त्रीची सुमारे आठ वर्षे कमी होतात असे आढळले.

तर मंडळी, काही वर्षे मला परत मिळण्याजोगी आहेत असे हे शास्त्र म्हणते. ती मिळतील की नाही हे मी सांगू शकत नाही. तेहतीस वर्षांचा धूर आत बसलेला आहे. पण आज सकाळी व्याख्यानाआधी मी गंगाद्वारापर्यंत जाऊन आलो. दोनदा बसलो, परंतु पोहोचलो. आई आता नाही.

आपल्यापैकी कोणाच्या खिशात या क्षणी बंडल असेल, तर ते येथे फेकून द्या असे मी म्हणणार नाही. तसे पुष्कळांनी फेकले आणि बाहेर पडताच दुसरे घेतले; मीही घेतले. त्याऐवजी आजपासून पंधरा दिवसांच्या आतली एक तारीख ठरवा, घरी सांगा, तोपर्यंत औषध आणून ठेवा, ते घ्यावयाची रीत शिकून घ्या, आणि त्या दिवशी सकाळी सुरुवात करा. आणि पडलात तर लाजू नका. पुन्हा तारीख ठरवा.

 कोणाला गोळी तोंडात कशी ठेवावयाची ते पाहावयाचे असेल, तर मी खाली थांबलो आहे.